पहिल्या धारेचं तेल

ऐंशी सालच्या माघात आमच्या वाडीला डिझेल मिळेनासं झालं आणि माणसं एकमेकांशी खोटं बोलायला लागली. ज्याच्या घरात डबाभर होतं तो म्हणायचा, थेंब न्हाय. ज्याच्याकडं खरंच थेंब नव्हता तो म्हणायचा, उद्या येणार हाय. बेळगावच्या पंपावर डब्यांची रांग लागलेली असायची. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून डब्यांत दगड घालून ठेवलेले आणि डब्यांचे मालक पलीकडं झाडाखाली आडवे. बेळगुंदीवरून येणारी बससुद्धा एक दिवस यायची आणि दोन दिवस यायची नाही.

परशरामचा बटाटा त्याच वेळी पोसायला लागला होता. विहिरीला पाणी होतं. इंजिन धडधाकट होतं. पण इंजिन घेतलं त्याच वर्षी त्यानं मोट मोडून टाकली होती आणि एक बैलही विकला होता, त्यामुळं आता विहिरीत वाकून पाणी बघणं एवढंच हातात उरलेलं. सकाळी तो सरीत उकिडवा बसायचा, बोटांनी माती उकरून एखादा बटाटा चाचपायचा आणि परत माती ओढायचा. लिंबाएवढा झालेला. दोन पाणी मिळाली तर मुठीत मावणार नव्हता. नाही मिळाली तर तसाच राहणार होता. आणि हे शेत त्यानं मारुतीरावांकडून वाट्यानं घेतलेलं. पीक बुडालं तर पुढच्या वर्षी शेत दुसऱ्याला जाणार, हे मारुतीरावांनी बोलून दाखवलं नव्हतं, पण वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं.

परशरामचा धाकटा भाऊ रवळू बेळगावात तेलाच्या गिरणीत कामाला होता. सुट्टीच्या दिवशी तो सायकलवर एक पोतं बांधून आला. सोप्यात पोतं टेकवलं तसा काळा भुगा जमिनीवर सांडला.

"काय आणलंस रं ह्ये?" म्हाताऱ्यानं विचारलं. म्हातारा म्हणजे दोघांचा बाप, नागोजी.

"माती."

"वाडीत मातीचा दुष्काळ पडलाय व्हय?"

"तशी माती न्हवं आप्पा. शेंगांचं तेल साफ कराया घालत्यात ती. वापरून झाली की गिरणीच्या मागं फेकत्यात." रवळू परशरामकडं वळला. "आमच्या गिरणीत एक केमिस्ट सायेब हायत. त्येंनी खताच्या पिशवीचं पलास्टिक कापलं, काचंच्या भांड्यात घातलं, त्यात ही माती घातली आन् खालनं जाळ लावला. वाफ निघाली ती गार केली. तेल आलं अण्णा. रॉकेलवानी. मी डोळ्यानं बघिटलं."

परशरामची नजर परड्याकडं गेली, आणि ती गेलेली त्याच्या बायकोनं, यशोदानं पाहिली.

परड्यात एक पिंप होतं. आता त्यात भुसा भरलेला असायचा, पण एके काळी तेच पिंप ओढ्याकाठी चुलीवर चढायचं आणि त्यातून निघालेली दारू खानापूरपर्यंत जायची. नागोजी त्या कामातला उस्ताद. त्यानं पोराला शिकवलं, पोरगं करता करता प्यायलाही शिकलं. पोलिसांनी एकदा परशरामला दोन दिवस बसवून ठेवलं, त्यानंतर यशोदानं नवऱ्याला देवीसमोर उभं करून शपथ घ्यायला लावली. परशरामनं ती पाळली. सासऱ्याशी मात्र ती तेव्हापासून कामापुरतंच बोलायची. जेवायला वाढायची, पाणी द्यायची, पण त्याच्या तोंडाकडं बघायची नाही.

"त्ये पिंप चुलीवर चढणार न्हाय," ती म्हणाली.

"वैनी, दारू न्हवं ह्ये."

"गावाला काय दिसणार? धूर दिसणार, नळी दिसणार, आन् हे दोघं बापल्योक म्होरं बसलेलं दिसणार."

"मग दिवसाउजेडी करू," परशराम म्हणाला. "परड्यात. सगळ्यांच्या देखत. चोरी काय हाय त्यात?" मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "बटाटा मरायला लागलाय गं. दुसरं काय हाय तर सांग, तसं करतो."

यशोदाकडं दुसरं काही नव्हतं. ती उठली आणि पिंपातला भुसा पोत्यात भरायला लागली. तिच्या हातांचा राग त्या भुशावर निघत होता.

पिशव्या गोळा करायला वेळ लागला नाही. खताच्या पिशव्यांची आतली प्लास्टिकं प्रत्येकाच्या परड्यात पडलेली होती. पावसाळ्यात खोळ म्हणून डोक्यावर घ्यायची, फाटली की कुंपणाला अडकवायची. यशोदा घरोघर फिरली. बायका पिशव्या द्यायच्या आणि पदराआड हसायच्या. यल्लव्वा तर सरळच म्हणाली, "आता परशराम पिशव्याची दारू काडणार व्हय गं?" यशोदा पिशव्या काखेत मारून मान खाली घालून निघून आली. घरी येऊन त्या धुतल्या, वाळवल्या, विळीवर चिरल्या. रवळूनं बजावलं होतं, चपला आणि पाइप त्यात घालायचे नाहीत, त्यांचा वाईट धूर निघतो.

पहिल्या दिवशी नागोजीनं माती घालू दिली नाही.

"मालात माती?" तो म्हणाला. "जलमभर मी पिंप घासून घासून घेतलं, आन् आता मूठमूठ माती टाकू? वाफ निघाया जाळ लागतो, माती न्हाय."

रवळू कामावर गेलेला. परशरामला बापाचं ऐकायची सवय. मातीशिवायच पिंप लागलं. झाकणाच्या कडा नागोजीनं कणकेनं आणि चिकणमातीनं अशा लिंपल्या की मुंगी शिरू नये. नळी पाण्याच्या हौदातून काढून पलीकडं डब्यात सोडली. दुपारपर्यंत जाळ घातला. धार आली ती पिवळी, मेणासारखी. डब्यात पडता पडता थिजायची. थोड्या वेळानं तीही थांबली. नळी आतून बुजली आणि पिंप गुरगुरायला लागलं. झाकणाच्या कडेची कणीक फुगून फुटली आणि असा उग्र धूर सुटला की गोठ्यातला बैल दाव्याला हिसके द्यायला लागला.

नेमका तेव्हाच हवालदार आला. कुणीतरी कळवलंच असणार. सायकल कुंपणाला लावून तो आत आला, "एन माडाकत्तीरि?" म्हणून काय चाललंय ते कानडीत दरडावून विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता डब्यात बोट बुडवून जिभेला लावलं. लगेच थुंकला. परत थुंकला. यशोदानं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"सारायी अल्ल, सायबा," परशराम हात जोडून म्हणाला. दारू नाही हे सांगायला एवढं कानडी त्याला पुरेसं होतं. पुढचं सगळं त्यानं मराठीतच सांगितलं, तेल, इंजिन, बटाटा. हवालदारानं ऐकून घेतलं आणि परशरामला पिंपाजवळ उकिडवं बसवून त्याचं तोंड हुंगलं. बायकोसमोर, बापासमोर आणि कुंपणावरून बघणाऱ्या निम्म्या वाडीसमोर. तोंडाला वास नव्हता. "वास आला तर बघ," असं बोट नाचवून तो गेला.

परशराम तसाच बसून राहिला. तोंड हुंगलं ते त्याला मारापेक्षा जास्त लागलं होतं. यशोदानं थिजलेला डबा उचलून कोपऱ्यात ठेवला आणि सासऱ्याकडं न बघता म्हणाली, "आता तरी माती घालू द्या म्हणावं."

माती घालायच्या आधी चांगली भाजून कोरडी करायला लागते, असं रवळूनं सांगितलं होतं. ते काम यशोदानं घेतलं. काहिलीत ती उलथण्यानं भाजत बसली. जुन्या तेलाचा जळका वास तिच्या केसांत, लुगड्यात बसला. माती चिकट होती ती आधी धुमसली, मग कोरडी होऊन राखेसारखी सुटी झाली. रवळू संध्याकाळी आला, त्यानं मूठभर उचलून बोटांतून सोडली आणि मान हलवली.

"ही माती करती तरी काय?" नागोजीनं विचारलं. कालच्या फजितीनं तो जरा नरम होता.

"पलास्टिकचं लांब लांब धागं असत्यात आत. ही त्येंचं तुकडं पाडती. बारीक तुकडा म्हंजे तेल, मोठा राहिला तर मेण. आन् माती सोता हाय तशीच ऱ्हाती, खपत न्हाय."

म्हातारा हसला. "म्हंजे मारुतीरावाच्या थोरल्या चुलत्यावानी. साऱ्या भावकीत फूट पाडली आन् सोता हाय तसा कट्ट्यावर बसला."

दुसऱ्या दिवशी रवळूनं रजा काढली. आणि त्यानं एक गोष्ट बदलायला लावली. नळीचं तोंड त्यानं गोठ्याच्या भिंतीतून पलीकडं काढलं, जाळापासून लांब. "ह्याची वाफ पेट घेती," तो पुन्हा पुन्हा सांगत होता. "दारूपरास लई वाईट. धारंजवळ काडी न्हाय, बिडी न्हाय, चिमणी न्हाय." यशोदानं घरातल्या सगळ्या काड्यापेट्या गोळा करून कमरेला खोचल्या. सासऱ्यापुढं तिनं हात पसरला. नागोजीनं बंडीच्या खिशातून काड्यापेटी काढली आणि तिच्या हातावर ठेवली. सुनेनं आपली झडती घ्यावी याचं त्याला वाईट वाटलं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

या खेपेला धार आली ती पातळ. आधी पाण्यासारखी, उग्र वासाची. ती रवळूनं वेगळ्या डब्यात घेतली, ही इंजिनला चालायची नाही म्हणाला. मग रंग चहासारखा झाला आणि धार जडावली. ती दुसऱ्या डब्यात. उन्हं कलायच्या आत सगळे विहिरीवर होते. परशरामनं नव्या तेलातलं थोडं इंजिनमध्ये ओतलं आणि हँडल मारलं. एकदा, दोनदा. इंजिन खोकलं, काळा धूर ओकलं, आणि धरलं. ठकठक आवाज जरा वेगळा होता, पण धरलं. पाणी पाटात आलं. परशराम अनवाणी पाण्यापुढं धावत होता, सऱ्या फोडत होता, आणि मोठ्यानं हसत होता. यशोदानं त्याला असं हसताना कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. चार सऱ्या भिजल्या आणि त्यानं स्वतःच इंजिन बंद केलं. एवढ्या तेलात शेत भिजणार नव्हतं. आधी सबंध पाण्याला पुरेल एवढं जमवायचं, मग एकदमच सोडायचं, असं ठरलं.

पुढं रोज पिंप लागायला लागलं. रवळू कामावर गेला. परशराम जाळापाशी, यशोदा मातीपाशी, आणि नागोजी गोठ्याच्या पलीकडं धारेपाशी. धार कधी बदलते ते त्याला नुसत्या वासावरून कळायचं. त्याच्यासारखं नाक घरात कुणाचं नव्हतं. मोठा डबा भरत आला. वाडीतली माणसं आता हसायची थांबली होती. यल्लव्वा आपण होऊन पिशव्या आणून टाकायला लागली. बटाट्याच्या पाल्यानं मात्र दुपारच्याला माना टाकायला सुरुवात केली होती. आजचं पिंप उतरलं की उद्या पहाटेपासून पाणी सोडायचं. परशरामनं खोरं धुऊन दारात ठेवलं होतं.

त्या दिवशी दुपारी मारुतीराव आले. पांढरं धोतर, हातात पेटती सिगारेट. परशरामनं त्यांना लांबूनच हात केला, "मारुतीराव, सिगारेट तेवढी भाईर." त्यांनी ती चपलेखाली चिरडली आणि गोठ्याला वळसा घालून पलीकडं गेले.

पिंप नुकतंच तापलं होतं. धार चालू होऊन थोडाच वेळ झालेला. पहिलीच, पाण्यासारखी. नागोजी डब्यापुढं मांडी घालून बसला होता.

"काय आप्पा, ह्येच तुमचं तेल?" मारुतीराव वाकून म्हणाले. "पाणी दिसतंय की."

"पाणी न्हवं त्ये."

"अहो, माझा ट्रॅक्टर आठ दिवस उभा हाय. तुमच्या पोरानं मला येड्यात काढलं. असल्या पाण्यावर इंजिन चाललं म्हणं! डिझेल कुठनं तरी चोरून आणलं असंल, सांगतोय तेल काढलं."

हे ऐकून म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. आयुष्यभर त्याला लोकांनी दारूवाला म्हटलं होतं, पण माल खोटा हाय असं कुणी म्हटलं नव्हतं. माल खरा का खोटा हे दाखवायची रीत त्याच्या हाताला ठाऊक होती. ओढ्याकाठी गिऱ्हाईक बसलं की पहिल्या धारेत बोट बुडवायचं, काडी लावायची. बोटावर निळी ज्योत उठायची, गिऱ्हाईक मान डोलवायचं, आणि फुंकर मारून बोट विझवायचं. शेकडो वेळा केलेलं. बोटाला कधी चटका बसला नव्हता.

"काडी द्या जरा," तो म्हणाला.

मारुतीरावांनी खिशातनं काड्यापेटी काढून दिली. त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं, सिगारेट तेवढी विझवायला सांगितली होती. नागोजीनं बोट धारेत बुडवलं आणि काडी ओढली.

परशरामला आधी आवाज आला, मोठं कापड फाटावं तसा. गोठ्यावरून जाळ वर आलेला त्यानं पाहिला. तो पलीकडं पोचला तेव्हा बाप उभा होता, दोन्ही हात पुढं धरून, आणि हात पेटलेले होते. डबा पेटला होता, बंडीची बाही पेटली होती, गोठ्याच्या छपराचं गवत पेटत होतं. मारुतीराव भिंतीला चिकटून नुसते "अरं, अरं" करत होते.

यशोदानं सासऱ्याला पाडलं. कुंपणावरचं घोंगडं टाकून ती त्याच्यावर पडली आणि दाबून धरलं. "माती टाका, माती!" ती ओरडली. परशराम उघड्या हातांनी माती ओढून टाकत राहिला. गाव धावलं. कुणी बैल सोडला, कुणी छप्पर ओढून पाडलं, कुणी चुलीतला जाळ उपसून विझवला. हौद फुटला होता. पिंपाचं झाकण वाकडं होऊन बसलं होतं.

नागोजीच्या हातांची कातडी कोपरापर्यंत सुटली होती. तोंड भाजलं होतं, डोळे सुजून मिटत चालले होते. तो ओरडत नव्हता. दात वाजल्यासारखा आवाज येत होता तेवढाच.

"बेळगावला न्यायला पायजे," मष्णू म्हणाला. मष्णू वाडीत जखमा बांधायचा. "माझ्याच्यानं हुणार न्हाय ह्ये."

बसचा भरवसा नव्हता. बैलगाडीनं पोचायला दिवस मावळला असता. डोलीत घालून एवढ्या उन्हात न्यायचं म्हणजे वाटेतच जायचा.

मारुतीराव पुढं आले. त्यांचं धोतर काळं झालं होतं. "माझा ट्रॅक्टर घ्या. शामूला बसवतो चालवायला. पन…"

पुढचं सगळ्यांना ठाऊक होतं. टाकी कोरडी होती.

मोठा डबा सोप्यात होता, गोणपाटानं झाकलेला. परशराम आत गेला आणि डब्याजवळ उभा राहिला. किती वेळ उभा राहिला कुणास ठाऊक. खरं तर फार नसणार. पण यशोदाला तो वेळ फार वाटला, कारण त्या वेळात तो काय तोलत होता हे तिला दिसत होतं, आणि त्याबद्दल तिला त्याचा राग आला नाही. ती आत गेली, गोणपाट काढलं आणि डब्याचा एक कान धरला.

"उचला," ती म्हणाली.

दोघांनी डबा मारुतीरावांच्या दारात नेला. शामूनं टाकीचं झाकण काढलं. तेल ओतताना परशरामनं एक थेंब सांडू दिला नाही. ट्रॅक्टर खोकला, काळा धूर सोडला, आणि सुरू झाला. वाडीतली माणसं तेवढ्यातही एकमेकांकडं बघायला लागली.

ट्रॉलीत गवत टाकून वर म्हाताऱ्याला घातलं. यशोदा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली, त्याचे हात ओल्या फडक्यात धरून. परशराम फळीला धरून उभा राहिला. ट्रॅक्टर पांदीतून रस्त्याला लागला. दगडावर चाक गेलं की म्हातारा कण्हायचा. वाऱ्याबरोबर धूर मागं यायचा. उग्र, मेणचट वासाचा. त्या वासानं नागोजी शुद्धीवर आल्यासारखा झाला. त्यानं नाक ओढून हुंगलं.

"शामू, कशावर चालवतोस रं ह्ये?"

यशोदानं त्याच्या हातांवरचं फडकं सारखं केलं.

"ह्ये आपलं तेल हाय," म्हातारा म्हणाला. "पोरी, ह्ये शेताच्या पाण्याचं तेल हाय. थांबवा."

"गप पडून ऱ्हावा मामंजी."

"थांबवा म्हणतो! शेत वाटंवरच हाय. शेतापाशी मला उतरवा आन् तेल काडून घ्या. मी झाडाखाली बसतो. हातं गेली तर गेली, मी आता काय करनार हाय हातांनी?" तो उठायला धडपडला. यशोदानं त्याला छातीशी दाबून धरलं. "परशा! ऐकतोस न्हवं? लेका, ह्ये पानी गेलं तर शेत गेलं."

परशराम ऐकत होता. ट्रॅक्टरनं वळण घेतलं आणि डाव्या हाताला शेत आलं. दुपारच्या उन्हात बटाट्याचा सगळा पाला सरीवर लोळलेला. मधल्या त्या चार सऱ्या तेवढ्या हिरव्या उभ्या होत्या. विहिरीवर इंजिन होतं. शामूनं मागं वळून परशरामकडं पाहिलं आणि वेग कमी केला. परशरामनं मान हलवली, चल म्हणून, आणि तोंड उजवीकडं फिरवलं.

"शेत आलं काय?" नागोजीनं विचारलं. डोळे पूर्ण मिटले होते. "यशोदा, खरं सांग. शेत आलं काय?"

इतक्या वर्षांत त्यानं तिला नावानं हाक मारली नव्हती. शेत तिच्या डोळ्यासमोर होतं. हात लांबवला असता तर बांधावरचं गवत हाताला लागलं असतं.

"शेत कवाच मागं पडलं मामंजी," ती म्हणाली. "आता बेळगावच जवळ आलं."

म्हाताऱ्यानं सुस्कारा सोडला आणि तिच्या मांडीवर मान टाकली. मग तो उठायला धडपडला नाही. यशोदा शेताकडं बघत राहिली, बांध संपेपर्यंत, शेवटच्या सरीपर्यंत, आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून सासऱ्याच्या फडक्यात बांधलेल्या हातांवर पडत राहिलं. तिनं ते पुसलं नाही, कारण पुसायला हात सोडावे लागले असते.